घोड्याला पाणी कोणी पाजलं?

मेंढीवाल्या मावशीला सिनेमाची शिसारी होती, आणि तरी तंबूत पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे तीच बसलेली असायची. नरसीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागला की आमच्या वस्तीतल्या बायाच तिला आधी पाठवत. लेकरांना न्यायचं की नाही, हे ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगे. तिचा शब्द माझ्या वडिलांनीसुद्धा कधी मोडला नाही.

एका वर्षी उडत्या घोड्याचा सिनेमा आला. राजपुत्र, जादूगार, तलवारी, डोंगराएवढा राक्षस. माझा जीव त्यात अडकला होता. आईनं विहिरीवर विचारलं, "मावशे, पोरीला नेऊ का? राक्षस लई भेसूर हाय म्हनतात."

मावशीनं तोंडातलं मिश्रीचं बोट काढलं आणि पचकन थुंकली. "राक्षसाचं काय घेऊन बसलीस? भूक लागली तवा खाल्लं त्यानं, पोट भरलं तवा झोपला. त्या साऱ्यात तोच एक शहाना दिसला मला. राजपुत्र दळभद्री. सात दिस घोडा पळवून राहिला, एकदा पानी दाखवलं न्हाई. सवता मात्र राजकन्येसंगं गानं म्हनून राहिला. तळ्याकाठी, बरं का. घोडा मागं उभा."

"अन् राजकन्या?"

"सात दिस रानात, अन् केसात एक कुसळ न्हाई. दगडाची असंल."

झालं. वस्तीतलं एकही पोरगं गेलं नाही. तंबूवाला स्वतः विनवायला आला. म्हणाला, "मावशी, जादूचा घोडा हाय तो. उडतो."

"मंग? उडून तहान लागत न्हाई व्हय?" एवढं बोलून ती मेंढरांमागं निघून गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

त्याच्या आदल्या साली तिनं एक सिनेमा पोरांना बराबर म्हणून सांगितला होता. त्यातला सात तोंडांचा साप बघून निम्मी पोरं अंथरुणात मुतली. बाया तणतणत आल्या, तर मावशी म्हणाली, "भ्याली तर भ्याली. भ्यायचीच चीज हाय ती, चार दिसांत इसरतील. पन सिनेमातल्या गड्यानं भाकर खायच्या आधी घोड्याचा लगाम काढला, ते पोरांनी बघितलं का न्हाई?"

पुढं अठ्ठेचाळीस साली आसपासच्या गावांत जाळपोळ सुरू झाली. माझी शाळा चौथीतच सुटली. आईनं मला आणि पाच वर्षांच्या धाकटीला पैनगंगेपलीकडं, संस्थानाच्या हद्दीबाहेर, मामाकडं धाडायचं ठरवलं. वेशीत दोन गाड्या उभ्या होत्या. एकीच्या बैलांना गोंडे, झुली. तिचा गाडीवान घाई करत होता, "दुपारच्या आत नदी पार करतो, बसा." दुसऱ्यानं जुवाखालून बैल सोडून हौदावर नेले होते. आई गोंडेवाल्याकडं वळली. तेवढ्यात मावशी आली आणि तिनं त्याच्या बैलाच्या नाकाडावर हात ठेवला.

"कोरडं ठाक," ती आईला म्हणाली. "हिच्यात न्हाई. त्या हौदावरच्या गाडीत बसव लेकरं."

गोंडेवाला चिडला. "म्हातारे, ह्यो काई सिनेमा न्हाई."

"व्हय. म्हनूनच."

मी तिचा पदर धरला. तू पण चल म्हणाले. माझा हात सोडवत ती म्हणाली, "मेंढरं तहानेली टाकून कुठं येऊ?"

नदीच्या अलीकडं गोंडेवाल्याची गाडी उभी दिसली. एक बैल जुवाखालीच बसला होता, आणि माणसं गाठोडी घेऊन मागच्या धुराकडं बघत होती. आमच्या गाडीवानानं त्यातली दोन लेकरं आमच्यात घेतली. आम्ही पार झालो.

मावशीची खबर पुन्हा कधी आली नाही. आजही कुठल्या गाडीत पाय ठेवायच्या आधी मी जनावराचं नाकाड बघते.

मामाच्या शहरात त्याच हिवाळ्यात तो उडत्या घोड्याचा सिनेमा लागला. मामा आम्हाला हौसेनं घेऊन गेला. तळं आलं, गाणं सुरू झालं. धाकटी माझ्या कानाशी लागली.

"ताई, घोड्याला पानी काहून देत न्हाईत?"

मी तिला कडेवर घेतलं आणि बाहेर आले.