निर्जला एकादशीला रीवा ते बनारस, तेही ट्रकनं

रीवाहून बनारसला बस मिळते, भाड्याची एसी गाडी मिळते. पण काका म्हणाले, "पुस्तकांना एकटं कसं पाठवू?" रीवाच्या कॉलेजात आयुष्यभर संस्कृत शिकवून ते बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरी कायमचे परतत होते. पुस्तकं ट्रकमध्ये, म्हणून काका ट्रकमध्ये, आणि त्यांना आणायला गेलेली पुतणी म्हणून मीही. दिवस त्यांनीच काढला: भर जेठातली निर्जला एकादशी. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. हे व्रत ते वर्षानुवर्षं करत आलेत, पण पंख्याखाली बसून.

ड्रायव्हर रामबचन मिर्झापूरकडचा. सामान चढवतानाच त्यानं मला उन्हातल्या ट्रकचे नियम सांगितले, तुम्हीही लक्षात ठेवा. पहाटे निघायचं, भर दुपारी सावलीत थांबायचं, डोक्याला ओला गमछा, आणि तहानेची वाट न बघता पाणी. "पानी नहीं पिएँगे दीदी, तो गाड़ी हम नहीं, लू चलाएगी." सीटमागे ओल्या पोत्यात गुंडाळलेला पाण्याचा कॅन होता.

पहाटे निघणं काही जमलं नाही. काकांची पूजा आटोपेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं.

मऊगंजपर्यंत रस्ता झकास, केबिन मात्र भट्टी. काका रामबचनशेजारी ताठ बसलेले, मी मागच्या फळीवर त्यांच्या पाठीआड चोरून पाणी पीत होते. मऊगंजच्या ढाब्यावरचं सत्तूचं सरबत चुकवू नका. ते दोघे खालीच उतरले नाहीत.

हनुमना जवळ आलं तसा रामबचन गप्प झाला. तोवर त्याची अखंड बडबड चालू होती. मग रणरणत्या उन्हात त्यानं वायपर सुरू केला.

"बारिश कहाँ है, भैया?"

"हॉर्न बजाए हैं, दीदी."

त्याच्या चेहऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता. पुढे ड्रमंडगंजच्या घाटाचा उतार आणि पाठीवर पुस्तकांचं ओझं. मी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर बसते, आवाज कमावलेला आहे. त्या आवाजात गाडी थांबवायला लावली.

कडुनिंबाखाली उतरून तो मटकन खाली बसला. पाणी कधी प्यायला होतास, विचारलं. म्हणाला, "सबेरे." मग हळूच, "पंडितजी बगल में निर्जला बैठे हैं. उनके सामने हम कैसे गटागट पिएँ? हम भी बोल दिए कि हमारा भी व्रत है."

मी काकांकडे वळले. ओठ सुकलेले, कान लाल. ते मराठीत कुजबुजले, "अगं, मला मऊगंजलाच गरगरायला लागलं होतं. दोन घोट घेणारच होतो. पण हा गाडी चालवतोय आणि व्रतही करतोय. त्याच्यासमोर मी कसा पिऊ?"

म्हणजे दोघे एकमेकांच्या भिडेपोटी जिवावर उदार झाले होते. मला हसू आलं आणि संतापही. गाड्यांची घोषणा करावी तशी दोघांची गुपितं मी मोठ्यानं हिंदीत जाहीर करून टाकली. कुणी कुणाकडे बघेना.

जवळच्या औषधांच्या दुकानातून ओआरएस आणून कालवलं. काकांनी हात पुढे केला आणि पेला रिकामा करून म्हणाले, "दवा से व्रत नहीं टूटता, रामबचन. पियो."

तो प्यायला. मग त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, मानेवर ओला गमछा टाकला. बरं वाटलं नाही तर सरळ दवाखान्यात न्यायचं मी ठरवलं होतं. खरं सांगते, तो डोळे उघडून "अब इंजन ठंडा है" म्हणेपर्यंत मी फार घाबरले होते. ऊन कलल्यावरच निघालो आणि घाट बैलगाडीच्या चालीनं उतरलो.

बनारसमध्ये ट्रक आमच्या गल्लीत शिरत नाही, सामान ठेल्यावरून न्यावं लागतं, तेव्हा माणसं आधी ठरवून ठेवा. आणि ट्रकनं गेलातच तर ड्रायव्हरसमोर बिनधास्त पाणी प्या. भरल्या कॅनजवळ बसून माणूस लाजेनं तहानलेला राहतो, हे मी विसरणार नाही.

घरी शेजारच्या गोदूमावशी वाटच बघत होत्या. मी घडलेलं सांगितलं तशा म्हणाल्या, "काय रे विष्णू, इतक्या वर्षांची निर्जला मोडलीस?"

"मोडली," काका म्हणाले. "मोक्ष मला हवा होता, मावशी. त्या माणसाला घरी जायचं होतं."