सरड्याची कटिंग

औशात माणसांची मापं घेणारे टेलर पुष्कळ आहेत, पण सरड्याचं माप घेऊन त्याला इज्जतीने घरी पोचवणारा टेलर उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून मी अठरा वर्षं राहिलो. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि चाचा त्याच शाळेचे गणवेश शिवायचे. एकदा कटिंगच्या टेबलावर आढ्यावरून पाल पडली. दुसऱ्या कुणी झाडू उचलला असता. चाचांनी चष्मा पुसला. मग तिच्याकडे निरखून बघून ते थेट माझ्या दारात आले. "गुरुजी, पालीचे पाय आखूड अन् माळावरच्या सरड्याचे मागचे पाय एवढे लांब. एकाच खानदानातली हायत ना ही? मग कटिंग येगळी कशी?" मी भारदस्तपणे म्हणालो, "निसर्गाची किमया, चाचा." ते अदबीने म्हणाले, "किमया हाय ते मलाबी म्हाईत हाय. कशी हाय, ते इचारून राहिलो." त्या दिवसापासून वर्गात किमया हा शब्द उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

उत्तर माझ्याकडे मिळत नाही म्हटल्यावर चाचांनी ते स्वतःच शोधायला घेतलं. लांब काडीच्या टोकाला शिवणाच्या दोऱ्याचा सैल फास, खांद्यावर टेप, कानावर पेन्सिल अशा थाटात ते किल्ल्याकडे निघायचे. सरडा अलगद पकडायचा, पुढचा पाय, मागचा पाय, सगळ्यात लांब बोट मोजायचं आणि "जा बाबा, तकलीफ दिली," म्हणून होता त्याच दगडावर सोडायचा. नोंदी गिऱ्हाइकांच्याच वहीत. एका पानावर हेडमास्तरांची कंबर, तर समोरच्या पानावर "तटाची भिंत, सावलीची बाजू, पाल, मागचा पाय". ईदच्या आदल्या दिवशी दुकानात माणसं ताटकळायची आणि चाचा माळावर पालथे पडलेले असायचे. चाची पडद्याआडून म्हणायची, "बकऱ्यांच्या मागं फिरणारा नवरा असता तर दूध तरी मिळालं असतं!"

पण चाचांचं निदान पक्कं होत गेलं. पालीला भिंतीला चिकटून राहायचं असतं. लांब पायांवर अंग भिंतीपासून सुटलं की ती पडलीच. म्हणून पाय आखूड, आणि बोटांखाली पकडीच्या गाद्या. सापसुरळी गवतात, पाचोळ्यात सरपटते, तिला पाय म्हणजे "नुसती शोभेची बटनं". आणि उघड्या माळावर लपायला काही नाही, तिथे पळता आलं तरच जीव वाचतो. म्हणून तिथल्या सरड्याचे मागचे पाय लांब. घाबरला की तो पुढचे पाय उचलून नुसत्या मागच्या दोन पायांवर धूम ठोकतो. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा चाचा मला वर्गातून बोलवायला आले होते. पोरांना वाटलं, कुणी वारलं.

मग तो माळ विकला गेला. जेसीबी आला, प्लॉट पडले, आणि मार्केट यार्डात आडत दुकान असलेल्या एका शेठने भोवती कंपाउंडची भिंत घालायला घेतली. चाचांनी दोन सरडे आणून अंगणातल्या आंब्यावर बसवून पाहिले. संध्याकाळच्या आत दोघंही उतरून निघून गेले. "झाडाचे न्हाईत ते," चाचा हताशपणे म्हणाले. "भिंतबी चढता यायची न्हाई त्यायला. तिकडचे तिकडं, इकडचे इकडं अडकतील." दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले. धीर म्हणून मला सोबत नेलं.

"भिंतीला खालून एक वीत फट ठिवा," चाचा म्हणाले.

"पाण्यासाठी?"

"सरड्यासाठी."

शेठ हसत सुटले. गादीवरची मुनीम मंडळीही हसली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाचा मात्र हसू ओसरेपर्यंत शांत उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या पोराचं लगीन हाय म्हणं. शेरवानी मी शिवतो. औशात न्हाई, लातुरातबी तशी दिसायची न्हाई. फकत फट ठिवा."

शेरवानी झाली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी कॉलरचं सगळं काम चाचांनी हातानं केलं. नवरदेव असा काही दिसला की शेठने गवंड्याला बोलावून एक नाही, चार फटी ठेवायला लावल्या. पुढे दर शुक्रवारी नमाजनंतर चाचा तिथे दगडावर बसायचे. तिसऱ्या शुक्रवारी एक सरडा फटीतून डोकावला, इकडेतिकडे पाहिलं आणि दोन पायांवर सुसाट पळाला. चाचांनी माझा हात इतका घट्ट धरला की तो दुखायला लागला.

गेल्या वर्षी चाचांचे गुडघे पार गेले. लेक त्यांना नांदेडला घेऊन गेली, तिसऱ्या मजल्यावर. दर शुक्रवारी फोन येतो. तब्येतीचं विचारलं तर उडवून लावतात. परवाही आला.

"माळाकडं गेलते का?"

मी गेलो होतो. आता तिथे घरं झाली आहेत, फटींसमोर वाळूचे ढीग पडलेत. कित्येक महिन्यांत मला काही दिसलेलं नाही.

"हाव चाचा, गेलतो. दिसला की एक."

चाचा हळूच म्हणाले, "गुरुजी, खोटं बोलून राहिले तुम्ही. थंडी हाय. ह्या दिवसांत ते भायेर निघत न्हाईत."

मी ओशाळून फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, ऱ्हाऊ द्या," चाचा म्हणाले. "सांगा तर खरं. पळाला कसा?"