नकाशात न काढलेली वाट

अभनपुरच्या पलीकडे दोन टेकाडांमधल्या खोऱ्यात दोन वस्त्या आहेत, वरचा पारा आणि खालचा पारा. मी मोजणीदार होतो तेव्हा त्यांचं एकमेकांशी बोलणं होतं. ते माझ्यामुळे तुटलं.

खालच्यांचं मसान नाल्याकाठी, वरच्यांच्या शेतांपलीकडे. चौघं तिरडी घेऊन जातील एवढी रुंद वाट तिथवर होती. मी स्वतः तिच्यावरून चाललो होतो. मोजणीच्या दिवशी खालच्यांची रोवणी सुरू होती. साखळी धरायला कोणी आलं नाही, उलट चिखलात उभ्या बायका मला हसल्या. वरच्या पाऱ्याच्या पटेलाने खाटेवर बसवून जेवू घातलं. म्हणाला, "रास्ता काहे दिखाते हो, साहब? चलनेवाले तो चलेंगे ही." मी नकाशात वाटेची तुटक रेघ काढली नाही. चूक कळत होती. राग होता, एवढंच.

पटेल वारल्यावर त्याच्या मुलाने तोच नकाशा दाखवून तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून खालच्यांची तिरडी बांधावरून जाते. तिथे पुढे एक आणि मागे एक, एवढीच माणसं मावतात. मागच्या पावसाळ्यात एकाची तिरडी घसरून धानात पडली आणि दोन्हीकडून काठ्या निघाल्या. अभनपुरच्या बाजारात हे ऐकलं आणि वाट होती, मीच काढली नाही, असं मी तहसीलमध्ये लेखी बयान दिलं. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, काहून उकरून राहिले आता?"

पाहणीला अधिकारी आला. "इनका दिमाग चला गया है," पटेलाचा मुलगा त्याला माझ्यासमोरच म्हणाला. ज्याची तिरडी पडली, त्याची बायकोही आली होती. तिने मला पाणी विचारलं नाही.

"अब याद आइस, बाबूजी?"

वाट दाखवत मी उभ्या धानातून मोहाच्या झाडापर्यंत गेलो. तिथून पुढे काही ओळखू येईना. ती बाई माझ्या पुढे झाली आणि उजवीकडे वळून सरळ नाल्याकडे निघाली. अधिकाऱ्याने तिला थांबवलं. "तुम नहीं. तुम्हारी तो शिकायत है. ये बताएंगे."

तिच्या मागे चालत "हीच वाट" म्हणणं सोपं होतं. पण या वाटेबद्दल एकदा खोटं करून झालं होतं. झाडापुढचं आठवत नाही, असं मी लिहून दिलं.

पटेलाचा मुलगा हसला. बाई धानातून परत आली.

"आधे रास्ते में मुर्दा उतारेंगे क्या, बाबूजी?"

तार झाडापर्यंत निघाली. पुढची तशीच आहे.