मनवर सरांचा चार वर्षांचा कागद

एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारची यादी भीमराज मनवर सरांनी शुक्रवारीच वाचायला घेतली आणि सातव्या नावाशी येऊन ते थांबले. वैष्णवी राजकुमार आडे, आठवी ब. सोबत येणार : आत्या, वर्षा पूनमसिंग आडे. सरांनी यादी टेबलावर उलटी ठेवली, जणू तेवढ्याने नाव पुसलं जाणार होतं. मग उठून माठातलं पाणी प्यायले. निवृत्तीला महिना उरला होता. तेहतीस वर्षं शाळेत नाव कमावलेल्या या माणसाला गावात फक्त एका बाईची भीती वाटत होती, आणि तीच उद्या समोरच्या बाकावर येऊन बसणार होती. ‘माझं सायन्स कोणी बुडवलं?’ एवढा एकच प्रश्न तिने विचारला तर उत्तर काय द्यायचं, हे त्यांना चौदा वर्षांत सुचलेलं नव्हतं.

करुणामाता हायस्कूल दिग्रसच्या अलीकडे, फाट्यावर. केरळातून आलेल्या सिस्टरांनी ते सुरू केलं, आणि सिस्टर रोझिलींनी मुख्याध्यापिका म्हणून वीस वर्षं चालवलं. सिस्टर मराठी शिकल्या त्या भाजीबाजारात. त्यामुळे त्यांचं मराठी अस्सल वऱ्हाडी आणि कोणाचीही भीडभाड न ठेवणारं. शिक्षणाधिकारी तपासणीला आले तर त्यांनाही हसून विचारायच्या, “काहून आलता, साहेब?” ‘का आलात’ असं थेट ऐकून साहेब आधी गोंधळायचे, मग चहा घेऊन खूश होऊन जायचे.

या सिस्टरांना एका गोष्टीचा फार संताप होता. दहावीचा निकाल लागला की मुलं गायब व्हायची. पोरी मांडवात, पोरं कापसाच्या जिनिंगमध्ये. शाळेला पुढे अकरावी-बारावी होती, पण वर्ग निम्मे रिकामे. तेव्हा त्यांनी चार वर्षांचा कागद काढला. आठवीची परीक्षा संपली की आई-बापांना शनिवारी बोलवायचं आणि नववी, दहावी, अकरावी, बारावी असे चार रकाने त्यांच्यासमोर भरायचे. विषय कोणते, शाखा कोणती, पोर राहणार कुठे, येणार कशाने. खाली पालकाची सही नाहीतर अंगठा, की बारावीपर्यंत लेकरू काढणार नाही. कायद्याने त्या कागदाला काडीचीही किंमत नव्हती. पण घाटंजीकडच्या एका बापाने “याले स्टँप नाही लागत काय?” असं विचारलं, आणि सिस्टरांनी त्याच दिवसापासून प्रत्येक कागदावर शाळेचा जांभळा गोल शिक्का मारायला सुरुवात केली. लोकांनी ते कागद पेटीत, सातबाऱ्याच्या शेजारी ठेवले.

रकाने भरायचं काम आलं मनवर सरांकडे, कारण सबंध स्टाफमध्ये कोणत्या गावात कापूस कधी वेचायला येतो हे माहीत असलेला तो एकटाच माणूस. शिवाय त्यांना स्वतःचा अनुभव होता. त्यांचे वडील उकंडा मनवर जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे. भीमराजला दहावीला एकाहत्तर टक्के पडले तेव्हा पुढे काय घ्यायचं हे सांगणारं घरात, वस्तीत कोणी नव्हतं. कॉलेजच्या रांगेत पुढचा मुलगा सायन्स म्हणाला, म्हणून हाही सायन्स म्हणाला. पुढचा मुलगा सहा महिन्यांत सोडून गेला आणि हा एकटा पदार्थविज्ञान घेऊन बसला. निभावलं ते निव्वळ हट्टाने. आपल्याला कोणी वाट दाखवली नाही, तर आपण सगळ्यांना दाखवू, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्यांची पद्धतही न्यारी होती. विषयांचं नाव शेवटी. आधी घर. “घरात म्हातारं कोण हाय? आजारी कोण? चार वर्षांत लग्न कोणाकोणाचं? विहिरीले पाणी कवापावतर राह्यते? सकाळची यष्टी चुकली तं दुसरी कवा?” आई-बाप चकित व्हायचे. फुलसावंगीच्या एका बाईंनी तर विचारलं होतं, “सर, शाळेत घालून राह्यले का सोयरीक करून राह्यले?” पण या चौकशीवरून सर बरोबर सांगायचे, की ह्या पोराची दहावी थोरल्या बहिणीच्या लग्नात सापडणार, याचा अभ्यास दिवाळीआधीच उरकून घ्या. आणि तसंच व्हायचं. अकरावीचे वर्ग भरायला लागले. सिस्टर स्टाफरूममध्ये म्हणायच्या, “मनवर सरले घर वाचता येते.” काय दिवस होते ते! शनिवारी दुपारी दीड वाजता वाफाळलेला भात आणि सिस्टरांच्या हातचं नारळ घातलेलं सांबार, व्हरांड्यात सत्तर-ऐंशी माणसं, आणि कागदावर कागद. सरांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते म्हणाल, तर तेच.

त्याच दिवसांतला एक शनिवार दोन हजार दहाचा. पूनमसिंग आडे आणि लालीबाई, तांड्यावरून चालत आले. मधे त्यांची वर्षा. सरांनी घर विचारलं. पूनमसिंग, लालीबाई आणि थोरला राजकुमार दिवाळीनंतर ऊस तोडायला कोयत्यावर जाणार, पार पश्चिमेकडच्या कारखान्यांना, ते होळीला परत. मागे म्हातारी आजी, दोन म्हशी, धाकटा भाऊ, आणि स्वयंपाकाला वर्षा. सरांनी मनातल्या मनात मांडणी केली. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही पोरगी अर्धे दिवस गैरहजर. नेमकं तेव्हाच बीजगणित रंगात आलेलं असतं. नापास होईल. नापास झाली की काढतील. काढली की लग्न.

त्या काळी नववीला गणिताच्या दोन वाटा होत्या. एक बीजगणित-भूमितीची. दुसरी सामान्य गणिताची, सोपी, हमखास पास करणारी. फक्त ती धरली की पुढे सायन्सचं दार बंद. सरांनी पेन उचललं आणि सामान्य गणित लिहिलं. अकरावी, बारावी : आर्ट्स.

“सर, तुमी म्हनान तसं,” पूनमसिंग म्हणाला. “पोट्टी घरी बसाले नको, एवढं पाहा.”

त्याने सही केली, शिक्का बसला. त्या वेळी वर्षा काय करत होती, तिचं तोंड कसं होतं, ते मात्र सरांना कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही.

आठवतं ते दोन वर्षांनंतरचं. वर्षाला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले आणि ती अकरावी सायन्सच्या रांगेत येऊन उभी राहिली. सामान्य गणित घेतलं की सायन्स मिळत नाही, हे तिला कोणी नीट सांगितलंच नसावं. क्लार्कने गुणपत्रिका पाहिली आणि परत दिली. ती व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिली आणि शिपायाला म्हणाली, मनवर सरांना बोलवा. सर प्रयोगशाळेत होते. खिडकीतून त्यांना ती दिसत होती. त्यांनी शिपायाला हाताने खूण केली, नाही म्हणून सांग. आणि धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला घेतल्या. तासाभराने पाहिलं तेव्हा खांब रिकामा होता.

आता गंमत पाहा. या कागदामुळे वर्षा आडे बारावी झाली, तांड्यातली पहिली मुलगी. सिस्टरांनी पेढे वाटले. कोणत्याही सभेत शाळेचं कौतुक निघालं की वर्षाचं नाव निघायचं, आणि सर टाळ्यांच्या आवाजात मान खाली घालून बसायचे. लोकांना वाटायचं, किती विनयशील माणूस! पुढे ती यष्टीत कंडक्टर लागली, दिग्रस-यवतमाळ. एकदा गाडीत भेटली. “कुठं उतरता, सर?” एवढंच म्हणाली, तेही अदबीने. तेव्हापासून सर सव्वासातची गाडी सोडून साडेआठच्या गाडीने जायला लागले. बायकोला सांगितलं की सकाळी गर्दी फार असते.

शनिवारी सातव्या नंबरला ती आली. ड्यूटीवरूनच आली असावी, अंगात खाकी. शेजारी दोन वेण्यांची, कोपराला खरचटलेली वैष्णवी. राजकुमार आणि त्याची बायको अजून कारखान्यावरून आलेली नव्हती, यंदा हंगाम लांबला होता.

“बसा,” सर म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला. सवयीने त्यांनी घर विचारायला घेतलं. “मागं कोण राह्यते?”

“मी राह्यतो, याडी राह्यते,” वर्षा म्हणाली. याडी म्हणजे तिची आई, लालीबाई. “म्हशी इकून टाकल्या. आजारी कोणी नाही. लग्न कोणाचं नाही. गाडी सव्वासातची, माहीच हाय. चुकली तं पोट्टी सायकलनं येईन.” प्रश्न यायच्या आत उत्तरं. सोळा वर्षांपूर्वी याच बाकावर ऐकलेली प्रश्नपत्रिका तिला पाठ होती.

सरांनी पेन खाली ठेवलं. लपायला आता प्रयोगशाळा नव्हती. “वर्षा,” ते म्हणाले, “तुह्या कागदावर सामान्य गणित म्या लिवलं होतं. तुह्या बापानं नाही. सिस्टरनं नाही. आन् तू बोलवलं तवा मी आतच होतो.”

“माहीत हाय, सर. खिडकीत दिसून राह्यलते तुमी.”

पंखा कुरकुरत फिरत होता.

“राग आलता,” वर्षा म्हणाली. “लय वर्सं होता. मंग गाडीवर लागली, रोज शंभर घरचे लोक पाह्यले, तवा समजलं तुमी काहून केलं. तुमचा हिसाब चुकला नव्हता, सर. त्या साली मी खरंच तीन महिने शाळेत नाही आली. आजी पडली होती. बीजगणित गेलंच असतं, कोन जाने.” तिने बाकावर हात टेकला. “पण मी इथंच बसून होती ना? या बाकावर. तुमी म्हशीचं पुसलं, आजीचं पुसलं, यष्टीचं पुसलं. मले नाही पुसलं.”

मनवर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. इतक्या वर्षांचे शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. व्हरांडा, भात, शिक्के, अंगठे, सगळं लख्ख आठवत होतं. त्या गर्दीत मधे बसलेलं पोर काय म्हणत होतं, ते मात्र एकदाही आठवेना, कारण ते कधी त्याला विचारलंच गेलं नव्हतं.

“हिले पुसा,” वर्षा म्हणाली. “म्हणून आणली मी.”

सरांनी खुर्ची वळवली. “वैष्णवी, तुले काय कराचं हाय बाई?”

पोरीने आत्याकडे पाहिलं.

“सायन्स घेईन ते,” वर्षा चटकन म्हणाली. “मी समदं पाह्यलं हाय, शिकवणी—”

“वर्षा,” सर हळूच म्हणाले.

वर्षाने तोंड मिटलं. तिचा चेहरा लाल झाला. मग ती स्वतःवरच हसली, आणि पोरीकडे पाठ करून भिंतीवरचं वेळापत्रक वाचत बसली.

बाहेर आठवा नंबर दारातून डोकावून गेला. सरांना दहा वेळा वाटलं, आपणच काही सुचवावं. जीभ शिवशिवत होती. त्यांनी हात मांडीवर दाबून धरले.

“मले गाडी चालवाची हाय,” वैष्णवी म्हणाली. “यष्टी. आत्या मागं उभी राह्यते. मले म्होरं बसाचं हाय.”

वेळापत्रक वाचणाऱ्या खांद्यांना हिसका बसला, पण वर्षा वळली नाही. सरांनी “अजून?” एवढंच विचारलं. आणि मग बांध फुटल्यासारखी ती पोरगी बोलत सुटली. घाटात गिअर कवा बदलते, ड्रायव्हरकाका ब्रेकचा आवाज कसा ओळखते, नापास होण्याचं भेव, इंग्रजीची चीड, सायकलची साखळी आपणच बसवली ते, आणि आई-बाप नसताना दिवाळीनंतर घर कसं खाली वाटते ते. पंधरा मिनिटं. सरांनी एक अक्षर लिहिलं नाही. शेवटी म्हणाले, “आधी विषय सांगतो समदे, कोणत्यात काय राह्यते ते. घरी जाय, इच्यार कर. सोमवारी तू सांग, मंग लिवू.”

दोघी उठल्या. दारापर्यंत गेल्या तेव्हा सरांना राहवलं नाही.

“वर्षा, तुले काय व्हाचं होतं?”

ती थबकली. “आता पुसून काय करता, सर?”

“माहीत नाही मले. पण पुसून राह्यलो.”

वर्षाने खांद्यावरची पिशवी सारखी केली. पुतणी तिच्या तोंडाकडे बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

“पूल बांधाचे होते,” वर्षा म्हणाली. “आमच्या नाल्यावरचा पह्यले. पानी आलं का तांडा तुटते तिथं. म्या वहीत काढला होता तो, मापं घेऊन, सातवीत असताना.” तिने वैष्णवीचा हात धरला. “अजूनबी नाही झाला तो, सर.”