राबाखालून गेलेली वायर

भावाने नेरळहून फोनवर अट घातली तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत होते. "ताई, बाबा आता पुन्हा पडले तर कळणार कसं? कॅमेरा लाव. मला रोज दिसले पाहिजेत. ज्या दिवशी दिसणार नाहीत, त्या दिवशी मी येऊन त्यांना घेऊन जाणार. मग रडारड नको."

अशी तिडीक गेली डोक्यात! त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबा काय करणार, गॅलरीतल्या कुंडीत भात लावणार? पण बोलायची सोय नव्हती. दिवाळीच्या आधी बाबा पडवीत घसरले आणि तासभर तसेच पडून राहिले. मी इकडे घरात निवांत चहा पीत होते. ते आठवलं की अजून चहा कडू लागतो.

माझं घर लोधिवलीच्या बाजूला, रस्त्याला लागून. शाळेतून निवृत्त झाले आणि इथे येऊन राहिले. बाबांची खोली मागे, शेतं ओलांडून, आंब्यांच्या खोलगटात. तिथे मोबाइल म्हणजे नुसतं खेळणं, रेंज नाहीच. इंटरनेट न्यायचं तर माझ्या घरातून, जमिनीखालून. विहिरीचा दोर घेऊन मी अंतर मोजलं. दोर सोळा हात. मी मोजत गेले आणि मधेच विसरले, कारण पेंढ्याचा वास येत होता, ऊन कोवळं होतं आणि माथेरानचा डोंगर कुणी पाण्यात बुडवून वाळत घातल्यासारखा फिका दिसत होता. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दीडशे मीटरच्या आसपास भरलं.

शिळफाट्याला एका दुकानात वायर मिळते. दुकानदार वयस्कर, मुसलमान, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मी सरळ सांगितलं, "चाचा, दीडशे मीटर वायर द्या, चांगली."

"मातीतून जाणार?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी पांढऱ्या वायरचं वेटोळं लांब सारलं. "ही घरातली. मातीत टाकलीत तर पाणी पिईल आणि पावसाळ्यातच मरेल." मग एक काळी, जाड वायर काढली. "हिच्यात जेली भरलेली असते, पाणी शिरत नाही. पण आत तांबं. शंभर मीटरच्या पुढे तांबं दमतं. आणि ताई, तुमच्याकडे वीज पडते का?"

"परसातल्या आंब्यावर पडली होती ना! अर्धा झाला तो."

"मग तांबं नकोच. एका घरावर पडलेली वीज दुसऱ्या घरात पाहुणी म्हणून जाईल." एवढं बोलून त्यांनी दोऱ्यासारखी एक बारीक वायर सोडवली आणि तिचं एक टोक दाराकडे, उन्हात धरलं. दुसरं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. त्या टोकाला मोहरीच्या दाण्याहून लहान असा उजेडाचा ठिपका होता. "ही काच. हिच्यातून फक्त उजेड जातो. काळ्या पाइपात घालून पुरा, उंदीर-खेकड्यांचंही भय नाही."

मी बराच वेळ तो ठिपका बघत राहिले. भाताच्या मुळांखालून, चिखलाखालून, खेकड्यांच्या बिळांशेजारून एक उजेड बाबांपर्यंत चाललाय, असं काहीतरी मनात येत राहिलं. मागे गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा भानावर आले. काच घेतली.

माघात खणायला दोन गडी आले. मी नकाशाच काढला होता, मास्तरीण ना मी! बांध फोडायचे कमीत कमी, रेघ सरळ. शेवटचं, बाबांच्या खोलीजवळचं भातखाचर लागलं तेव्हा गडी खूश झाले. माती काळी, मऊ, भुसभुशीत. फक्त वीतभर खाली कातळ निघाला. "असू दे रे, वीतभर पुरे," मी म्हटलं. बाबा बांधावर उकिडवे बसून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि तंबाखू मळायला घेतली.

कॅमेरा पडवीच्या खांबावर लागला. त्यात पडवी, अंगण आणि पुढची खाचरं दिसायची. बाबांनी खुर्ची अशी मांडली की पाठच दिसावी. "बघू दे त्याला पाठ," म्हणाले. "पाठ हलतेय म्हंजे बाप जिता हाय." भावाला रोज सकाळी पाठ दिसायची. माझा जीव भांड्यात पडला.

चैत्रातल्या एका सकाळी भावाचा फोन आला. आवाज चिरकला होता. "ताई, काही दिसत नाही! सगळं पांढरं झालंय!"

मी धावत सुटले. आणि बांधावरून पाय घसरता घसरता मला धूर दिसला. राब! पालापाचोळा, शेणी, तोडलेल्या फांद्या पसरून बाबा दरवर्षी भाताच्या रोपांची जागा भाजतात तो राब. तो भाजायचा कुठे? त्याच शेवटच्या खाचरात. पिढ्यान् पिढ्या भाजून भाजूनच तर तिथली माती काळी आणि मऊ झाली होती. शेतकऱ्याची पोर मी, पाण्याचा विचार केला, विजेचा केला, खेकड्यांचा केला, आणि प्लास्टिकचा पाइप वीतभर खोल नेऊन घातला कुठे, तर विस्तवाखाली. अक्कल गहाण ठेवली होती!

धुरात शिरले तर बाबा काठीने कडा सारखी करत होते. पण खाचर ते नव्हतं. पलीकडचं होतं, लाल मातीचं, दगडाळ. जुनं खाचर तसंच उघडं पडलं होतं.

"बाबा, राब इकडे कसा?"

"तिकडं तुजी वायर हाय ना."

"मग खणतानाच बोलायचं होतं! मी वळवली असती."

"वळवता वळवता आनखी म्हैना गेला असता. तवर त्यानं मला नेलं असतं, बाय." त्यांनी काठी टेकवली. धुराने डोळ्यांना पाणी आलं होतं, त्यांच्याही आणि माझ्याही, असं आपलं मी म्हणते. "ह्या वर्साला इथं भाजतो. रोप काय, कुठंबी येतं."

ते खोटं होतं, आणि मला ते कळत होतं. घरी येऊन मी भावाला सांगितलं, बाबा बरे आहेत, राब भाजतायत. तो हसला, "मी घाबरलोच होतो," म्हणाला.

रोप विरळ आलं. पिवळट, बोटभर, मधे मधे टक्कल. आषाढात लावणी सुरू झाली आणि चार खाचरं होता होता रोप संपलं. बाबांनी हात धुतले आणि पडवीत जाऊन बसले, पाठ कॅमेऱ्याकडे. कुणाकडे दोन मुठी मागायलाही गेले नाहीत. आयुष्यभर लोकांना रोप देत आलेला माणूस तो.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. मी ओट्यावर बसले होते. पाऊस थांबून सगळीकडे हिरवं धुकं उभं राहिलं होतं, आणि बांधाखालून तो बारीकसा उजेड चालला असेल असं मला उगीच वाटत होतं.

"ताई, कॅमेऱ्यात ती पुढची दोन खाचरं रिकामी दिसतायत. लावली नाहीत का?"

मी सांगितलं. राब कुठे असायचा, वायर कुठून गेली, त्यांनी तो का हलवला, सगळं. मागे त्याच्या फ्लॅटमधला पंखा ऐकू येत होता.

"बाबांना राहू दे तिथेच," तो म्हणाला. "भात कापून झाला की मी दोन दिवस येतो. आपण वायर बांधाच्या कडेने फिरवून घेऊ. राब त्याच्या जागी जाऊ दे."