पाण्यापासून मोजणाऱ्या मार्थाबाई

मार्था घोन्सालविस बाईंची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि मी ती तशीच सांगणार आहे. या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला बजावलंय, "दामूभाऊ, साठी आहे, जरा गोड लिहा." गोड लिहायला मी काय पेढे वाटायला बसलोय? बाईंचं खरं लिहायचं तर ते थोडं तिखट होणारच.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी नायगावच्या आमच्या वाडीत पानवेलींना पाणी सोडत होतो. पाहतो तर पांढऱ्या साडीतल्या एक बाई हातात पुस्तक धरून माझ्या केळींमधून सरळ चालल्या होत्या. चार पावलं टाकत, पुस्तकात बघत, पुन्हा चालत. मला वाटलं, मोजणीवाले आले. वाडीवाल्याला दुसरी कसली भीती असणार?

"ओ बाई, कोणी पाठवलं तुम्हाला? ही जमीन आमच्या आज्यापासूनची आहे!"

"असू द्या की. मला ती नकोय. मला तुमच्या विहिरीवरून डावीकडं वळायचंय."

"का म्हणून?"

"पुस्तकात लिहिलंय."

"माझी विहीर? पुस्तकात?"

बाईंनी पान उघडून दाखवलं. आमच्या ठाणे जिल्ह्यात पक्षी कुठं कुठं बघायला मिळतात, ते सांगणारं इंग्रजी पुस्तक होतं ते. बाईंनी मराठीत वाचून दाखवलं, "नायगाव स्टेशनापासून पश्चिमेला, रहाटाच्या विहिरीवरून खाडीकडं. हिवाळ्यात भरतीच्या वेळी मिठागरांवर पाणपक्ष्यांचे मोठे थवे." दोनच ओळी. पण चौथी शिकलेल्या माणसाला आपली विहीर छापील दिसली की राग कुठल्या कुठं पळतो. मी फावडं टाकलं आणि त्यांच्या मागं निघालो. वयानं मी त्यांच्याहून मोठा. त्या दिवसापासून त्यांचा शिष्य झालो तो झालोच. हसणाऱ्यांनी हसावं.

बाई पाचूबंदरच्या मासेमारी करणाऱ्या कॅथलिक घरातल्या, पेशानं शिक्षिका. चर्चमधला रविवारचा मिस्सा चुकवत नाहीत, आणि पिशवीत पंचांग असल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. शाळेतले एक मास्तर त्यांना खिजवायचे, "बाई, प्रार्थना चर्चमध्ये आणि मुहूर्त भटजीकडं?" बाई म्हणायच्या, "मुहूर्त नाही हो, पाणी बघते. माझे बाबा तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचे. चौथीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. समुद्राला धर्म विचारायला तुम्ही जा."

हीच त्यांची रीत. शहरातले हौशी लोक तेच पुस्तक घेऊन यायचे, सुटीच्या दिवशी सकाळी यायचे, चिखल बघायचे आणि पुस्तकाला शिव्या घालून परत जायचे. ओहोटीला पक्षी खाडीत लांबवर पांगलेले असतात. भरती चढू लागली की पायाखालची जागा जाते आणि ते मिठागराच्या बांधांवर येऊन दाटीनं उभे राहतात. बाई म्हणत, "पुस्तक स्टेशनापासून मोजतं. आपण पाण्यापासून मोजायचं." त्यांनी त्या पुस्तकातली एकेक जागा अशीच पारखून घेतली. अर्नाळ्याचा किनारा, कामणच्या ओढ्याकाठचं रान, सगळीकडं आम्हाला पायी फिरवलं. जिथं पुस्तक चुकलं तिथं त्या म्हणायच्या, "लिहिणारा दमला असेल बिचारा." आणि जिथं आम्ही कंटाळलो तिथं म्हणायच्या, "तुम्हाला कोणी लिहायला सांगितलंय का? चाला!"

आमच्या मंडळींच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा मुंबईच्या इस्पितळात बाई शाळा सांभाळून रोज येऊन बसत. चष्मा मिळाल्यावर त्यांनी मंडळींना पहिल्यांदा कुठं नेलं असेल? बांधावर. लांब गुलाबी पायांचे शेकाटे पाण्यात उभे होते. मंडळी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, त्या काटक्या रोवल्यात." बाई अजून ते सांगून हसतात.

आता मुख्य गोष्ट. सातिवलीकडं कारखाने नि गोदामं वाढली आणि आमच्याकडच्या मिठागरांवरही लोकांचा डोळा गेला. भराव टाकायचा, वर गोदामं बांधायची, असा बेत. कागदावर त्या जागेला 'पडीक' म्हटलं होतं. ज्या जागेत मीठ पिकतं, मासळी वाढते, तिला पडीक म्हणणाऱ्याचे डोळेच पडीक! पण हे ऐकणार कोण? आपल्यातलेच काही म्हणाले, "मार्थाबाईंना संसार नाही, म्हणून बगळे सांभाळतात." बाईंनी भर सभेत उत्तर दिलं, "माझ्या संसाराची काळजी करणाऱ्यांनी आधी आपल्या सह्या द्याव्यात." हरकतीच्या अर्जाला त्यांनी पुस्तकातल्या त्या दोन ओळी जोडल्या. सरकारी कचेरीतून निरोप आला की साहेब स्वतः जागा बघतील. पक्षी असले तर तसं लिहितील, नसले तर भराव मंजूर.

तो दिवस चतुर्थीचा होता. बाईंनी तीनची वेळ कळवली होती. साहेब दुपारी एक वाजताच येऊन ठेपले. आणि आमच्या सरपंचांनी काय करावं? वसईत पाहुणा आला की वाजतगाजत आणायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी लग्नातला बँड बोलावला होता. बांधावर साहेबांचं पाऊल पडलं आणि ताशा, ट्रम्पेट, वर दोन फटाके! जे काही पक्षी आधी येऊन बसले होते ते सगळे एकदम उठले आणि खाडीपलीकडं दिसेनासे झाले.

सरपंच खूश. साहेबांच्या गळ्यात हार. साहेबांनी चहूकडं बघितलं आणि विचारलं, "पक्षी कुठायत?"

मिठागरावर काम करणारी जनी बोलली, "तुमच्या वरातीनं पयले पलवलं त्यांना. आता पानी चडूं दे."

"मला परतीची गाडी गाठायची आहे," साहेब म्हणाले. "जे दिसलं ते लिहितो."

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्हाला दिसला तो आमचा बँड. तो लिहायचा असेल तर खुशाल लिहा. पक्षी बघायला आलात ना? मग बसा."

"बाई, मी सरकारी माणूस आहे."

"मीही सरकारमान्य शाळेत शिकवते. वर्ग भरायच्या आधी हजेरी घेऊन सगळी पोरं गैरहजर, असं मी लिहिलं तर तुम्ही मला नोकरीवर ठेवाल का?"

मी माझी गोणपाटाची घडी बांधावर अंथरली. साहेब बसले. बाईंनी बँडवाल्यांनाही खाली बसवलं, सरपंचांनाही. कोणी खोकायचं नाही, विडी ओढायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आमचं अख्खं गाव गप्प बसलेलं मी बघितलं. ऊन डोक्यावर, खाली खारट वास, आणि पाणी तिवरांच्या मुळ्यांतून हळूहळू वर येत होतं. पक्षी पुन्हा आलेच नाहीत तर? फटाक्यांना भ्यालेला पक्षी दुसरीकडं जाऊ शकतो, हे बाईंनीच आम्हाला शिकवलेलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या खाडीकडं बघत होत्या आणि त्यांची बोटं जपमाळेवर होती.

आधी दोन तुतवार आले. मग चार शेकाटे. साहेब पुटपुटले, "एवढेच?" बाईंनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं. आणि मग खाडीवरून एक करडी चादर उचलल्यासारखी झाली, वळली, ऊन लागून पांढरी चमकली आणि आमच्यासमोरच्या बांधावर उतरली. त्यामागं दुसरी. बांधाची माती दिसेना. ट्रम्पेटवाला पोटाशी ट्रम्पेट धरून तोंड उघडं टाकून बसला होता.

साहेबांची गाडी गेली. ते दुसऱ्या गाडीनं गेले आणि जाण्याआधी बाईंकडून पुस्तक मागून घेऊन त्या दोन ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. खाडीकडच्या मिठागरांचा भराव नामंजूर झाला. रस्त्याकडचा तुकडा मात्र गेला. तिथं आज गोदाम आहे. मी ते लपवणार नाही, कारण बाईही लपवत नाहीत. नंतर गावानं ठेवलेल्या सत्काराला त्यांना नेताना मी म्हटलं, "बाई, अर्धं तरी राखलंत." त्या म्हणाल्या, "अर्धं गेलं असं लिहा."

म्हणून लिहिलं.

आता पुन्हा हालचाल सुरू आहे. नवे लोक, नवे नकाशे, आणि त्यावर तोच जुना 'पडीक' शब्द. बाई निवृत्त झाल्या, आता थकतील, असा कोणाचा हिशोब असेल तर त्यांनी तो खोडून टाकावा. गेल्या महिन्यात गुडघ्याला पट्टा बांधून त्या बांधावर गेल्या होत्या, आणि सोबत शाळेतल्या तीन नव्या शिक्षिका होत्या, चपला हातात घेऊन.

बाई, प्रभू येशूनं तुमच्या गुडघ्यांना बळ द्यावं, आमच्या वज्रेश्वरी देवीनं तुमच्या डोळ्यांची नजर राखावी. शंभर वर्षं जगा असं सगळेच म्हणतील. मी म्हणतो, भराववाले थकेपर्यंत जगा, आणि त्यानंतर आणखी पुष्कळ वर्षं नुसते पक्षी बघत जगा. परवा अष्टमी आहे. सहाला भरती. मी गोणपाट घेऊन पोचतो.