गोधडी नाही, पिशवी

जुन्नरच्या आमच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते, तेव्हा अशोकचा फोन आला. अशोक माझा मावसभाऊ. "आई गेली, ताई," म्हणाला, आणि जरा थांबून, "तिच्याच पांघरुणात गेली." खरं तर मला रडू फुटायला हवं होतं. पण लाल पेन खाली ठेवताना मनात पहिलं आलं ते हेच, की जिंकलीस बाई तू... त्याला आता सव्वा महिना झाला. रडून झालं, तरी माझं मत बदललेलं नाही.

यमूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. निरगुडसरला तिच्या ओसरीवर पायमशीन होतं आणि शेजारी कायम जुन्या लुगड्यांचं गाठोडं. गोधडी शिवावी तर तिनंच. फूटपट्टी लावली तरी तिचा धावदोरा वाकडा सापडायचा नाही. आणि एक नेम तिनं कधी मोडला नाही. शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी आत नखाएवढा भाकरीचा तुकडा घालायचा. त्याला ती घास म्हणायची. गोधडी उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असं तिचं म्हणणं. लहानपणी मी याला हसले, तर तिनं पाठीत चापट मारून तो तुकडा मलाच घालायला लावला होता.

दिवाळीनंतर तिचं पोटाचं दुखणं निघालं. पुण्याच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं, किती दिवस ते डॉक्टरही सांगेनात. मावशी ऑपरेशनला भ्यायली नाही, भ्यायली ती चादरीला. तिचा नवरा, आमचे काका, असेच एका दवाखान्यात गेले होते, शिक्का मारलेल्या चादरीखाली, आणि ते तिच्या डोळ्यांपुढून कधी हललं नव्हतं. मला म्हणाली, "मरायला माझी ना न्हाई. पर त्या शिक्क्याच्या चादरीखाली मी मरायची न्हाई." अशोकनं चौकशी केली, तर घरचं अंथरूण-पांघरूण आणायला मनाई. मग पिशवी चालती का, असं तिनं विचारलं. एक पिशवी चालते, अशोक म्हणाला. त्यावर ती उठली आणि लुगड्यांचं गाठोडं सोडायला लागली. आम्ही तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढचे चार दिवस ती मशीनवर होती. स्वतःच्या लुगड्यांचे थर घेतले, मधे काकांचं धोतर. काठाला जाड झालं तिथं दोन सुया मोडल्या, मग ते तिनं दाभणानं शिवलं. धरायला बाजेच्या नवारीचे पट्टे लावले, आणि दोन्ही बाजू शिवण्याऐवजी तिथं काकांच्या कोटाची बटणं. मी शहाणपणा शिकवायला गेले, की मावशी, बाजू शिवून टाक, सामान सांडेल. वर्गातल्या ढ पोरांकडे मी जशी पाहते, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं बटणं सोडली, पिशवी झटकली आणि बाजेवर अख्खी गोधडी पसरली.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं अडवलंच. एवढं मोठं धूड काय आहे, म्हणाला. "गोधडी न्हाई, पिशवी हाये," मावशीनं ठणकावलं, आणि आत हात घालून बघ म्हणाली. त्यानं लुगडी पाहिली, तांब्या पाहिला, फाईल पाहिली आणि सोडलं. मी रजा काढून सोबतीला होते. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून पुन्हा शिवलं. तरी मावशी रोज बटणं सोडून ती पांघरायची आणि राउंडच्या आधी आम्ही तिची पुन्हा पिशवी करायचो. शेजारच्या खाटांवरच्या बाया पहारा द्यायच्या. सहाव्या दिवशी खाटेवर मुंग्या निघाल्या. त्यांची रांग थेट पिशवीच्या कोपऱ्यात जात होती. सिस्टरनं कात्रीनं कोपरा उसवला आणि तो वाळका भाकरीचा तुकडा तळहातावर घेऊन आमच्याकडे पाहत राहिली. एवढा बेत रचणारी मावशी हाताच्या सवयीनं घास घालून बसली होती. पिशवीला कोण जेवू घालतं?

सिस्टर वाईट नव्हती. टाके ओले आहेत, मुंग्या जखमेत शिरतील, हे तिचं बोलणं खरंच होतं. पिशवी वॉर्डाबाहेर गेली. दोन दिवस मी ती मांडीवर घेऊन जिन्याजवळच्या बाकड्यावर बसले, आणि सिस्टरपुढे मी एक शब्दही बोलले नाही याचा मला संताप येत राहिला. आत मावशीनं शिक्क्याची चादर पायानं ढकलून दिली होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं आणि पिशवी भरायला सांगितली. अशोक रडकुंडीला आला, लोक म्हणतील पोरानं आईला अर्ध्यावर घरी आणलं. "लोकांना सांग, आई ऐकत न्हाई," ती म्हणाली, आणि घरी सोडण्याच्या कागदावर स्वतः तीन अक्षरांची सही केली. ओसरीवर मशीनशेजारी बाज टाकली. तिथं ती बावीस दिवस जगली, आणि सगळे दिवस ती गोधडी तिच्या अंगावर होती.

दशक्रियेच्या दिवशी भावकीतले आप्पा म्हणाले, गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवायचं नसतं, नदीवर आणा. माझ्या आधी कोणी हात लावू नये म्हणून मी आत धावले. तिची दोन लुगडी आत घातली, बटणं लावली आणि नवारीचे पट्टे खांद्यावर अडकवून बाहेर आले. दवाखान्यात गिळलेला शब्द आता गिळणार नव्हते. "आप्पा, ही गोधडी नाही, पिशवी आहे," मी म्हटलं. आप्पांनी अशोककडे पाहिलं. अशोकचा चेहरा रडून सुजलेला होता. "पिशवीच हाये, आप्पा," तो म्हणाला.

ती आता जुन्नरला माझ्या खाटेवर असते. सिस्टरनं उसवलेला कोपरा जवळजवळ दोन महिने तसाच लोंबत होता. गेल्या रविवारी मी भाकरी थापली, नखाएवढा तुकडा तोडून त्यात घातला आणि वरून धावदोरा मारला. तो वाकडा आला आहे. मुंग्या येतील... येऊ देत.